कोणाला उतरू द्यायचं

फ्रान्सचा दक्षिण किनारा म्हटला की डोळ्यांपुढे येतं ते कॅलेंडरवरचं चित्र. निळं पाणी, पांढऱ्या बोटी, पिवळसर-गुलाबी घरं, खिडक्यांना हिरव्या लाकडी झडपा. हे सगळं तिथे आहेच, चित्रात मावणार नाही इतकं आहे. पण मराठी माणूस त्या किनाऱ्यावर आणखी एक चित्र सोबत घेऊन जातो, शाळेच्या पुस्तकातलं. त्यात बोट आहे, खवळलेला समुद्र आहे आणि पाण्यात झेप घेणारा एक तरुण आहे. आपल्या पुस्तकांतलं ते ‘मार्सेलिस’ म्हणजे मार्सेय. फ्रान्सच्या त्या किनारपट्टीवरचं हे सगळ्यांत जुनं, सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत कमी नटलेलं शहर. मला तेच जास्त आवडलं, हे आधीच सांगून टाकते.

मार्सेयच्या जुन्या बंदराच्या काठावर आपल्याकडची मंडळी पाण्याकडे बघत ‘इथेच’ म्हणतात. इथे नव्हे. १९१० सालापर्यंत मोठ्या आगबोटी या चिंचोळ्या बंदरात यायच्या बंद झाल्या होत्या. त्यांच्यासाठी उत्तरेला ज्योलिएतपासून पुढे नव्या गोद्या बांधल्या होत्या. सावरकरांना कैदी म्हणून हिंदुस्थानात नेणारी ‘मोरिया’ ७ जुलैच्या संध्याकाळी मार्सेयला लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते शौचालयाच्या पोर्टहोलमधून निसटून पाण्यात उतरले. आपल्याकडे या उडीला वादळ, लाटा, मैलोन्‌मैल पोहणं असं बरंच काही चिकटलं आहे. त्याची काही गरज नव्हती. बोट बंदरात होती, पोहायचं अंतर थोडं होतं. खरी गोष्ट पुढे आहे. किनाऱ्याला लागलेला माणूस फ्रान्सच्या जमिनीवर होता. तिथल्या पोलिसाने त्याला फ्रेंच अधिकाऱ्यांपुढे उभं करायला हवं होतं. पण पेस्किए नावाच्या सागरी पोलिसाने त्यांना धरलं आणि पाठलाग करत आलेल्या लोकांच्या मदतीने परत बोटीवर नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी बोट सुटली.

मग गहजब झाला. ‘ल्युमानिते’ या समाजवादी पत्राने प्रश्न लावून धरला. त्यात कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे पुढे होता. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला: पकडून परत देण्यात अनियमितता झाली, पण म्हणून ब्रिटनने कैदी फ्रान्सला परत करायला हवा असं नाही. एक कारण असं दिलं की बोट येण्यापूर्वीच लंडनच्या पोलिसांनी फ्रेंच पोलिसांना कळवून बंदोबस्ताची व्यवस्था केली होती, तेव्हा पेस्किए काही फसवला गेला नव्हता. म्हणजे चूक मान्य, दुरुस्ती नाही. त्याच वर्षी जुलैत सावरकर अंदमानात पोचले.

हा निकाल वाचून मी तो किनारा पाहिला, त्यामुळे असेल, पण पुढे ज्या ज्या गावी गेले तिथे मला एकच प्रश्न दिसत राहिला: कोणाला उतरू द्यायचं?

मार्सेयची जन्मकथाच मुळी उतरू देण्याची आहे. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरल्या फोसियाहून ग्रीक खलाशी इथे आले. त्या दिवशी इथल्या सरदाराच्या मुलीचं, जिप्तिसचं, एक प्रकारचं स्वयंवर चाललं होतं. जमलेल्यांतल्या ज्याच्या हाती ती पेला देईल तो नवरा. तिने तो नुकत्याच आलेल्या परक्या प्रोतिसला दिला आणि बापाने जावयाला खाडीकाठची जमीन दिली. दंतकथा म्हणून सोडून देता आली असती, पण १९६७ साली शेअरबाजाराच्या इमारतीमागे बांधकामासाठी खोदताना खरोखरच त्या ग्रीक शहराची तटबंदी आणि जुन्या बंदराचा काठ सापडला. आता शॉपिंग सेंटरच्या काचेतून ती दगडांची रांग दिसते. पिशव्या घेतलेली माणसं तिच्याकडे न बघता निघून जातात, आणि त्यात मला काही वाईट वाटलं नाही. सव्वीसशे वर्षं चालू असलेल्या बाजारात कोण कशाला थांबेल?

मार्सेयने एकदा उतरू द्यायला नको होतं तेव्हा उतरू दिलं, ती गोष्ट १७२०ची. शहराची सारी श्रीमंती पूर्वेच्या, म्हणजे सिरिया-लेबनॉनकडच्या व्यापारावर उभी होती. त्या किनाऱ्यावर प्लेग कायमचाच, म्हणून मार्सेयने बंदोबस्तही उत्तम ठेवला होता. प्रत्येक बोटीला निघाल्या बंदराचा आरोग्य-दाखला लागे. संशय असेल तर माणसं आणि माल शहराबाहेरच्या इस्पितळात, आणि फारच धोका दिसला तर बोट थेट जार नावाच्या ओसाड बेटाकडे. अशी चोख व्यवस्था असताना २५ मे १७२० रोजी ‘ग्राँ-सँ-अंत्वान’ ही बोट आली. वाटेत तिच्यावर माणसं मेली होती. बोटीत रेशीम आणि सुती कापड होतं, बोकेरच्या जुलैतल्या जत्रेत विकायचं. मालकांमध्ये शहराचा एक कारभारी होता, एस्तेल नावाचा. नियम काय सांगतो ते सगळ्यांना माहीत होतं. तरी माल बेटाऐवजी शहराला लागून असलेल्या इस्पितळाच्या वखारीत उतरवला गेला. तिथून कापडाचे तुकडे हमालांच्या हातून गल्लीबोळांत गेले. जूनमध्ये पहिली माणसं दगावली, ऑगस्टमध्ये मोजणी सुटली. नव्वद हजारांच्या शहरातली चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि बाकीच्या प्रोव्हाँसमधली धरली तर आकडा लाखाच्या घरात जातो.

तूरेतच्या मैदानात तर आठवडे प्रेतं उन्हात पडली होती. श्व्हालिए रोझ नावाच्या सरदाराने वल्हवायच्या गलबतांवरचे कैदी आणि शिपाई बरोबर घेतले आणि प्रेतं जवळच्या जुन्या बुरुजांच्या पोकळीत लोटली. त्यांतले बहुतेक कैदी नंतर जगले नाहीत. कप्तान शातो इफच्या किल्ल्यात तुरुंगात बसला, एस्तेलचं फारसं काही बिघडलं नाही. बोट जार बेटापाशी नेऊन जाळली. १९७८ साली पाणबुड्यांना तिचे अवशेष सापडले. पिसवेमुळे प्लेग पसरतो हे कळायला मात्र आणखी पावणेदोनशे वर्षं लागली. ते दाखवलं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनेच, आणि तेही मुंबईत प्लेगवर काम करून मग कराचीत, १८९८ साली. म्हणजे पुण्यात रँडचा खून झाला त्याच्या पुढल्या वर्षी.

इफचा किल्ला बंदरासमोरच आहे, बोटीने अर्ध्या तासाच्या आत. परदेशी पर्यटक तिथे एका कादंबरीतल्या कैद्याची कोठडी बघायला जातात. मी गेले गेंड्यासाठी. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. पोर्तुगीजांना गोवा घेऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. जानेवारी १५१५मध्ये गेंडा गोव्याहून बोटीत चढवला, मे महिन्यात तो लिस्बनला पोचला. गेंडा न पाहता, नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं चित्र कोरलं, तेच पुढे युरोपभर गाजलं. पोर्तुगालच्या राजाने तो पोपला नजराणा म्हणून रवाना केला. वाटेत १५१६च्या सुरुवातीला बोट मार्सेयसमोरच्या बेटाशी थांबली आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा खास गेंडा बघायला आला. बेटावर तेव्हा किल्ला नव्हता, तो राजाने नंतर बांधला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ बोट बुडाली. गेंड्याला पोहता येत होतं, पण पाय साखळदंडाने डेकला बांधलेले.

हिंदुस्थानातून आलेली आणखी एक बोट मार्सेयच्या म्हणीत जाऊन बसली आहे. मार्सेयचे लोक थापाडे, हे सांगताना उरलेला फ्रान्स म्हणतो, ‘यांच्या बंदराचं तोंड म्हणे एका सार्डिनने बुजवलं’. पण १७८० साली बंदराच्या तोंडाशी ‘सार्तीन’ नावाची फ्रेगेट खरोखरच बुडून अडकली होती. पाँडिचेरीत इंग्रजांच्या हाती सापडलेल्या आणि सुटून परतणाऱ्या फ्रेंचांना घेऊन ती येत होती. थापाडे ठरले ते मार्सेयवालेच.

सुएझ कालवा १८६९ साली उघडला आणि मुंबई-मार्सेय हा रोजचा रस्ता झाला. विलायतेला जाणारे पुष्कळ जण बोटीने थेट इंग्लंडला जातच नसत. मार्सेयला उतरायचं आणि आगगाडीने फ्रान्स ओलांडून कॅलेला जायचं. बिस्केच्या उपसागरातली हेलकाव्यांची ओकारीही टळे आणि दिवसही वाचत. गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून ‘राजपुताना’वर चढले आणि ११ सप्टेंबरला इथेच उतरले, गोलमेज परिषदेसाठी. त्याआधी सप्टेंबर १९१४मध्ये लाहोर डिव्हिजनचे शिपाई इथे उतरले, तेव्हा मार्सेयच्या लोकांनी रस्त्यावर येऊन त्यांना फुलं दिली होती. त्यांना उतरू द्यायला कोणाची हरकत नव्हती, ते मरायला आले होते. माझार्गच्या युद्धस्मशानात त्यांच्यातल्या अनेकांची नावं आहेत.

१९४०च्या उन्हाळ्यात तर शहर उलटं झालं. जर्मनांपासून पळत येऊन तिथे अडकलेल्यांना बाहेर पडायचं होतं. फ्रान्स सोडायचा परवाना, स्पेनचा, पोर्तुगालचा, पलीकडच्या देशाचा, सगळे एकाच वेळी जुळायला हवेत. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. व्हेरियन फ्राय नावाच्या अमेरिकन पत्रकाराने खरे-खोटे कागद जुळवून दोनेक हजार लोकांना बाहेर काढलं. पुढे फ्रेंच सरकारने त्यालाच हाकललं. आणि १९४३च्या फेब्रुवारीत जर्मनांनी जुन्या बंदराच्या उत्तरेची अख्खी वस्ती सुरुंगाने उडवली. वीस हजारांवर माणसांना आधी घराबाहेर काढलं होतं. आज तिथे चित्रांतला जुना मोहल्ला शोधणाऱ्याला सरळ रेषेतल्या करड्या इमारती भेटतात.

या सगळ्यानंतरही सकाळी बंदरावर मासे येतात. फार मोठा बाजार नाही, धक्क्याच्या कडेला उथळ निळ्या टेबलांची एक रांग. मी गेले तेव्हा एक बाई रबरी बूट घालून समुद्राच्या पाण्याने टेबल धूत होत्या. त्यांच्यापुढे लालसर, काटेरी, रागावल्यासारख्या तोंडाचा मासा होता. त्याला रास्कास म्हणतात, बुयाबेसमध्ये तो लागतोच. मी बोट पुढे केलं तशी त्यांनी हातावर चापट मारून मागे घ्यायला लावलं. पाठीच्या काट्यात विष असतं. मग चाकूने त्यांनी ते काटे कापून माझ्याकडे ढकलले, बघा म्हणून. बुयाबेस मुळात कोळ्यांचं जेवण. विकून उरलेले, काट्यांमुळे कोणी न घेतलेले खडकातले मासे एका कढईत. आता उपाहारगृहांत त्याची किंमत ऐकून कोळ्यालाच घाम फुटेल. आधी केशराचा रस्सा येतो, पावाच्या तुकड्यांना लसूण-मिरचीची लालसर चटणी लावून तो खायचा, मग मासे वेगळ्या ताटात. चांगलं लागतं. मालवणच्या माणसाने मात्र तिखटाची आशा ठेवू नये.

टेकडीवरच्या नोत्र-दाम-द-ला-गार्द या चर्चमध्ये छताला दोऱ्यांनी टांगलेल्या छोट्या बोटी आहेत, वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडायला वाहिलेल्या. भिंतींवर बुडता बुडता तरलेल्या जहाजांची चित्रं आहेत, बरीचशी कच्च्या हाताची. गर्दी असते, पण माना वर करून बघण्यासारखं आहे.

मार्सेयच्या पूर्वेला सियोता. गावाला गोदीच्या प्रचंड क्रेन आहेत, त्यामुळे सुंदर गावांच्या यादीत त्याचं नाव मागे असतं. पण पहिले सिनेमे काढणाऱ्या ल्युमिएर कुटुंबाचं उन्हाळी घर इथे होतं आणि फलाटावर शिरणारी ती जगप्रसिद्ध आगगाडी याच स्टेशनातली. सियोतालाच त्यांनी आणखी एक फिल्म काढली होती, फळीवरून धावत जाऊन समुद्रात उड्या मारणारी पोरं. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकीट लावून जे खेळ झाले त्यांत गाडीचं आगमनही होतं आणि समुद्रस्नानही. ते बघून सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. आपल्या सिनेमाचा एक धागा या मळक्या स्टेशनाशी बांधला आहे, आणि स्टेशनावर आजही गाड्या थांबतात. गोदी १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली, तेव्हा काही कामगारांनी ती ताब्यात घेऊन वर्षानुवर्षं सोडली नाही. म्हणूनच तिथे हॉटेलं उभी राहिली नाहीत. आता धनिकांच्या यॉट दुरुस्तीला येतात. काम तेवढं शिल्लक राहिलं.

सँ-त्रोपेबद्दल मला फारसं बरं बोलता येणार नाही. धक्क्यावर बोटी नाहीत, दिवाणखाने उभे असतात, आणि माणसं ते बघायला जमतात. पण बंदरावर बाली द सुफ्रेनचा पुतळा आहे, ज्याने १७८२-८३ साली कोरोमंडलच्या किनाऱ्यावर इंग्रज आरमाराला दमवलं आणि कडलोरला हैदरअलीची भेट घेतली. आणि मागच्या गल्ल्यांत बन्नू पान देईचं घर आहे.

ती चंब्याची. जाँ-फ्रान्स्वा अलार हा सँ-त्रोपेचा, नेपोलियनच्या घोडदळातला. नेपोलियन पडल्यावर काम शोधत तो १८२२ साली लाहोरला पोचला आणि रणजितसिंहाच्या फौजेत सेनापती झाला. तिथे त्याने पान देईशी लग्न केलं. १८३५ साली तो तिला आणि मुलांना घेऊन गावी आला. आपल्यामागे ती सती जाईल या भीतीने त्याने तिला इथे आणलं असं सांगतात. दुसऱ्या वर्षी तो एकटाच परत गेला आणि १८३९ साली पेशावरला वारला. लाहोरला, आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलीशेजारी, त्याला पुरलं.

पान देई राहिली. तेव्हाचं सँ-त्रोपे म्हणजे कोळी, गलबतं बांधणारे सुतार आणि चर्च. तिथे ती विशीत विधवा झाली, पुढे कॅथलिक झाली आणि १८८४ साली वारली. म्हणजे तिथे पन्नासेक वर्षं. या काळात गावाने तिला काय म्हटलं, तिने रोज काय शिजवलं, कोणाशी कोणत्या बोलीत बोलली, असले प्रश्न मला सुफ्रेनच्या लढायांपेक्षा जास्त छळतात. घराचं आता महागडं हॉटेल झालं आहे, तिचंच नाव दिलं आहे. दारातून आत डोकावले, स्वागताच्या टेबलाशी पोशाखी मुलगा हसला, मी निघाले.

कान झरझर उरकावं असं गाव. तिथला पहिला चित्रपट महोत्सव १९३९ साली ठरला आणि युद्धामुळे १९४६ साली झाला. त्या पहिल्याच वर्षी चेतन आनंदच्या ‘नीचा नगर’ला ग्रां प्री विभागून मिळालं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

नीस आणि माँतों ही मुळात आजाऱ्यांची गावं, हे तिथली हॉटेलं बघून खरं वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात इथला हंगाम हिवाळ्याचा. उन्हाळ्यात सगळं बंद. इंग्लंडातले, रशियातले क्षयाचे रोगी उबेसाठी येत. जेम्स हेन्री बेनेट हा डॉक्टर १८५९ साली स्वतःच मरायला म्हणून माँतोंला आला, बरा झाला आणि त्याने गावाची कीर्ती पसरवली. बरेच जण बरे झाले नाहीत. चित्रकार बिअर्डस्ली इथे वारला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. १८८२ साली कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, आणि मग हळूहळू ज्या खोकल्यावर गाव उभं राहिलं तोच खोकला हॉटेलवाल्यांना नकोसा झाला.

नीसला व्हिक्टोरिया राणी यायची, सिमिएच्या टेकडीवर. १८९७ साली तिने सोबत आपल्या हिंदुस्थानी मुन्शी अब्दुल करीमला आणायचं ठरवलं, तेव्हा तिच्या दरबारी मंडळींनी त्याच्या पंगतीला बसण्यापेक्षा राजीनामे देऊ अशी धमकी दिली. राणीने टेबलावरच्या वस्तू रागाने खाली लोटल्या. मुन्शी आला. ज्या समुद्रकाठच्या रस्त्यावर नीसची सारी ऐट आहे, तो मात्र भुकेल्यांनी बांधलेला. १८२०-२१च्या हिवाळ्यात थंडीने संत्र्याची झाडं मेली, गावात भिकारी वाढले, तेव्हा तिथल्या इंग्रजांनी वर्गणी काढून त्यांना दगड-मातीच्या कामाला लावलं. नीसच्या जुन्या गावातल्या गल्लीत सोका मिळते, चण्याच्या पिठाची, हातभर रुंद तांब्याच्या तव्यावर लाकडाच्या भट्टीत भाजलेली, वरून मिरपूड. आपलं बेसनाचं धिरडंच, कांदा-मिरची विसरलेलं. कागदावर, बोटं भाजत खायची.

माँतोंच्या पलीकडे इटली सुरू होते. शुक्रवारी व्हेंतिमिलियाला मोठा बाजार भरतो, फ्रान्समधली माणसं चीज आणि चामड्याच्या पट्ट्यांसाठी लोकलने तिथे जातात. मीही गेले होते. परतताना गाडी सीमेवरच्या माँतों-गाराव्हाँ स्टेशनात थांबली आणि पोलीस चढले. २०१५पासून ही तपासणी चालू आहे. डब्यात बहुतेक गोरे होते, त्यांच्याकडे कोणी कागद मागितले नाहीत. माझा पासपोर्ट पाहिला, व्हिसाचं पान उघडून पुन्हा पाहिलं, परत दिला. मागच्या बाकावर दोन काळे मुलगे होते, सतरा-अठराचे असतील. त्यांच्याशी दोन वाक्यं बोलून त्यांना खाली उतरवलं. नियमाप्रमाणे त्यांचं आधी म्हणणं ऐकायला हवं होतं की थेट इटलीला परत पाठवता येतं, यावर फ्रान्सच्या न्यायालयांत बरेच खटले झाले आहेत. फलाटावर ते ऐकायला कोणी थांबलेलं दिसलं नाही. गाडी नीसला उशिरा पोचली, आणि माझ्या समोरच्या बाईंनी उशिराबद्दल तिकीट तपासनिसाकडे तक्रार केली.